सील बदलूनही पुढचा शॉकअप पुन्हा गळतो, तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोटरसायकल तीसेक वर्षं जुनी. पुढच्या डाव्या शॉकअपमधून ऑइल येतंय. वर्षभरात सील (ऑइल अडवणारी रबरी कडी) दोनदा बदललं आणि दोन्ही वेळा दोन-तीन महिन्यांत पाइपवर पुन्हा ऑइलची कडी दिसायला लागली. ब्रेक मारला की पुढचा भाग एकदम खाली बसतो आणि ‘खट्’ असा आवाज येतो. आता तिसऱ्यांदा सील टाकताना जाड ऑइल टाकलं तर गळणं आणि बसणं दोन्ही थांबेल का, की पूर्ण शॉकअपच उघडावा लागेल?

पूर्ण उघडा, आणि एकच नाही, दोन्ही बाजूंचे उघडा. जाड ऑइलाने यातलं काहीही थांबणार नाही. चांगलं सील नीट बसवलं तर वर्षानुवर्षं टिकतं. दोन सीलं पाठोपाठ आणि त्याच बाजूची गेली, याचा अर्थ त्या सीलला तिथे कुणीतरी मारतंय. ते कोण, हे सापडेपर्यंत तिसरं सील टाकू नका.

त्याआधी आजच्या आज एक काम करा. तुमच्या गाडीची डिस्क डाव्याच बाजूला आहे असं तुम्ही लिहिलंय. खाली ओघळलेलं ऑइल कॅलिपरपर्यंत, म्हणजे ब्रेकचे पॅड धरणाऱ्या भागापर्यंत, पोचलंय का ते बघा. पॅड ऑइलात भिजले असतील तर ते पुसून, घासून परत वापरू नका, नवे टाका. डिस्क ब्रेक क्लीनरने स्वच्छ करा. तोवर गाडी उभीच ठेवा. शॉकअप महिनाभर थांबेल, ब्रेक थांबणार नाही.

मी पुढे जे सांगतोय ते साध्या, डॅम्पर रॉडच्या शॉकअपबद्दल आहे: चकचकीत क्रोमचा पाइप वर टीमध्ये (दोन्ही शॉकअप फ्रेमला जोडणाऱ्या आडव्या पट्ट्यांमध्ये) धरलेला, खाली ॲल्युमिनियमचा बॉटम, आत एक लांब स्प्रिंग आणि बॉटमच्या तळाशी एक एलन बोल्ट. तुमच्या वर्णनावरून तुमचा तोच वाटतो. जाड नळी वर आणि क्रोमचा पाइप खाली असा उलटा शॉकअप किंवा आत कार्ट्रिज असलेला शॉकअप असेल तर उघडायची पद्धत बदलते. आणि काही गोष्टी गाडी समोर असल्याशिवाय ठरत नाहीत. पाइप वाचेल की नाही, बुश (पाइप ज्यात सरकतो ती कडी) वेगळं मिळतं की बॉटमच घासलाय, स्प्रिंग दबून आखूड झालीय का, हे उघडल्यावरच कळेल. म्हणून मी उत्तरापेक्षा बघायचं कसं यावर जास्त लिहितोय.

सुरुवात पाइपपासून, कारण माझ्याकडे आलेल्या ‘पुन्हा गळणाऱ्या’ शॉकअपमध्ये बहुतेक वेळा दोष तिथेच निघाला. शॉकअप न उघडताही हे तपासता येतं. डस्ट सील (बॉटमच्या तोंडावरचं, धूळ अडवणारं बाहेरचं रबर) वर सरकवा, पाइप रॉकेलने किंवा ब्रेक क्लीनरने पुसून कोरडा करा आणि त्यावर टाल्कम पावडर भुरभुरा. मग पुढचा ब्रेक धरून हँडल चार-पाच वेळा दाबा. गळती सगळीकडून असेल तर पावडरीवर पूर्ण गोल ओली कडी उठते. एका खड्ड्यातून किंवा ओरखड्यातून असेल तर एकच उभी ओली रेघ दिसते, आणि त्या रेघेच्या मागावर गेलात की गुन्हेगार सापडतो.

खड्डे डोळ्यांना सहज दिसत नाहीत. नख पाइपवरून वरखाली फिरवा, पण त्याहून चांगला उपाय म्हणजे जुना नायलॉनचा पायमोजा हातात घालून पाइपवर हात फिरवणं. टाचणीच्या टोकाएवढा खड्डा असला तरी मोज्याचा धागा तिथे अडकतो. विशेष लक्ष द्यायचं ते दोन जागी. एक, गाडी स्टँडवर उभी असताना डस्ट सीलच्या कडेच्या अगदी वर, बोटभर रुंदीचा पट्टा. जुनी गाडी महिनोन्महिने उभी राहते तेव्हा ओल त्या कडेवर साचून राहते आणि गंज नेमका तिथे धरतो. दुसरी जागा पाइपची पुढची बाजू, जिथे समोरच्या वाहनांनी उडवलेले खडे बसतात.

खड्डा म्हणजे नुसती खोलगट जागा असती तर सीलचं फारसं बिघडलं नसतं. त्रास खड्ड्याच्या काठाचा असतो. गंजाने क्रोम फुगून उचललेलं असतं आणि तो काठ ब्लेडसारखा असतो. शॉकअप प्रत्येक वेळी दबला की तो काठ सीलच्या रबरी कडेवरून जातो. खराब रस्त्यावर किलोमीटरभरात हे शेकडो वेळा होतं. नवं सील सुरुवातीला ताठ असतं, म्हणून दोन महिने सहन करतं. तुमचा ‘दोन-तीन महिने’ हा हिशेब मला म्हणूनच ओळखीचा वाटला.

खड्डे मोजके आणि बारीक असतील तर पाइप वाचतो. बारीक ऑइलस्टोन ऑइलात भिजवून फक्त वर आलेले काठ खाली बसवायचे, आजूबाजूचं क्रोम घासायचं नाही. मग पाइप स्वच्छ धुऊन खड्ड्यात दोन घटकांचं इपॉक्सी भरायचं, पूर्ण सुकू द्यायचं, ब्लेडने पाइपच्या बरोबरीने तासायचं आणि शेवटी १५०० आणि २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासायचं. घासताना हात पाइपभोवती गोल फिरला पाहिजे. उभं घासलं की उभे चर पडतात आणि त्या चरांतून ऑइलला वर यायला वाट मिळते. ही चूक फार जण करतात, कारण उभं घासणं हाताला सोपं जातं.

क्रोमचे पापुद्रे निघत असतील किंवा खड्ड्यांचा पट्टाच असेल तर इपॉक्सीवर वेळ घालवू नका. नवा पाइप मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर जुना पाइप घासून, त्यावर हार्ड क्रोम चढवून पुन्हा मूळ मापाला ग्राइंड करून घेता येतो. काम देताना ‘हार्ड क्रोम’ हा शब्द स्पष्ट सांगा. शोभेचं क्रोम हा निकेलवरचा अगदी पातळ थर असतो, तो या घर्षणापुढे टिकत नाही. आणि ज्या भागावरून सील कधी जातच नाही, म्हणजे टीच्या आसपास किंवा हेडलाइटच्या कानांखाली, तिथल्या गंजाची काळजी करू नका. तो दिसायला वाईट दिसतो एवढंच.

पाइप गुळगुळीत निघाला तर संशय बुशवर. पुढचं चाक जमिनीपासून उचला, दोन्ही बॉटम खालून धरा आणि पुढे-मागे हलवा. खटखट जाणवली तर ती कुठे आहे ते ठरवायला दुसऱ्या माणसाला एक बोट डस्ट सीलपाशी, अर्धं पाइपवर आणि अर्धं बॉटमवर, ठेवायला सांगा. हालचाल तिथे असेल तर बुश गेलंय. तिथे काही नाही आणि टीच्या खालच्या बाजूला फ्रेमपाशी जाणवतेय, तर दोष हँडलच्या कोन सेटचा, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचा, आहे. ब्रेक मारल्यावर येणारा तुमचा ‘खट्’ या दोघांपैकी कुणाचाही असू शकतो, म्हणून ही तपासणी टाळू नका. कोन सेट ढिला असताना शॉकअपवर कितीही काम केलं तरी आवाज तसाच राहील.

बुश सीलला कसं मारतं? सीलच्या कडेला आतून एक बारीक स्प्रिंगची कडी असते, ती कड पाइपला घट्ट बिलगून ठेवते. पण तिची पोच मर्यादित. बुश घासलं की ब्रेकखाली पाइप एका बाजूला झुकतो. तिकडे सील चेपलं जातं आणि समोरच्या बाजूला फट पडते. आत दाबाखाली असलेल्या ऑइलला तेवढी फट पुरते. टेफ्लॉनचा थर असलेलं बुश असेल तर ओळख सोपी आहे. करडा थर जाऊन तांब्याचा रंग पाऊणभर भागावर दिसायला लागला की बुश बदला. खूप जुन्या काही गाड्यांत वेगळं बुश नसतंच, पाइप थेट ॲल्युमिनियमच्या बॉटममध्ये सरकतो. तिथे बॉटम अंडाकृती घासला असेल तर दोनच मार्ग: चांगला बॉटम शोधणं, किंवा जाणत्या टर्नरकडून बॉटम बोअर करून आत बुश बसवून घेणं.

आता तिसरं कारण. एका गाडीचा डावाच शॉकअप तीनदा गळून माझ्याकडे आला होता. पाइप आरशासारखा, सील चांगल्या प्रतीचं. उघडल्यावर बुश हातात घेतलं तर त्याच्या आतल्या बाजूला, चाकाकडच्या अंगाला, अंगठ्याच्या नखाएवढा चकचकीत तांबडा डाग होता आणि उरलेलं बुश जवळपास नवं. म्हणजे तो पाय (त्या बाजूचा शॉकअप) सतत एका अंगाला ओढला जात होता. चाक परत बसवून, एक्सल कसून, एक्सल धरणारा पिंच बोल्ट नुसता ढिला केला तर बॉटम टक्कन बाहेर सरकला, साधारण दोन मिलिमीटर. कुणीतरी दर वेळी चाक बसवताना आधी पिंच बोल्ट कसत होतं आणि मग एक्सल. दोन्ही पाय आत ओढलेल्या अवस्थेत कायमचे पकडले जात होते. त्या गाडीला बुश आणि सील टाकलं, चाक नीट क्रमाने बसवलं, आणि ती गळतीसाठी माझ्याकडे परत आली नाही.

तो क्रम असा. एक्सल त्याच्या नटावर पूर्ण कसा, पण पिंच बोल्ट ढिला ठेवा. गाडी चाकावर उतरवा, ब्रेक धरून हँडल सहा-सात वेळा जोरात दाबा. मोकळा पाय एक्सलवर सरकून आपली जागा स्वतः शोधतो. मग पिंच बोल्ट कसा. पायाचं भोक आणि एक्सल गंजलेले असतील तर हे सरकणं होणारच नाही, म्हणून आधी दोन्ही साफ करून ग्रीसचा पातळ हात द्या. तुमचं चाक पंक्चरसाठी वगैरे अलीकडे किती वेळा निघालं आणि कुणी बसवलं, हेही आठवून बघा.

गाडी कधी पडली असेल तर पाइप वाकडा आहे का तेही बघावं लागेल. सुटा केलेला पाइप जाड काचेवर लोळवला की मोठा बाक डोळ्यांना दिसतो, खाली प्रकाशाची फट उघडते-मिटते. नेमकं मोजायचं तर व्ही-ब्लॉकवर ठेवून मधोमध डायल गेज लावून फिरवा. गेजवर दिसतो त्याच्या निम्मा खरा बाक असतो. अनेक मॅन्युअलमध्ये ०.२ मिमी ही मर्यादा दिलेली दिसते, पण तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या मॅन्युअलमधूनच घ्या. किरकोळ पडण्यात मात्र पाइप वाकलेला नसतो, दोन्ही पाय टीमध्ये फक्त पिळलेले असतात. लोक घाबरून पाइप बदलतात. टीचे आणि मडगार्डचे बोल्ट ढिले करून पाय सरळ केले की काम होतं.

एवढं कळल्यावर उघडण्याकडे येऊ. इथे बहुतेकांचा अर्धा दिवस जातो तो एकाच ठिकाणी, तळाच्या एलन बोल्टपाशी. हा बोल्ट आतल्या डॅम्पर रॉडमध्ये जातो आणि रॉड आत मोकळाच असतो. वरची स्प्रिंग काढून टाकलीत की रॉडवरचा दाब जातो, आणि मग बोल्ट फिरवला की रॉडही सोबत फिरतो. म्हणून हा बोल्ट स्प्रिंग आत असतानाच ढिला करायचा. गाडी इंजिनखाली जॅक लावून पक्की उभी करा, कॅलिपर काढून तारेने टांगा (नळीवर लोंबकळत ठेवू नका), चाक आणि मडगार्ड काढा. शॉकअप अजून टीमध्येच असू द्या. आता एकाने बॉटम खालून वर दाबून धरायचा आणि दुसऱ्याने एलन की लावून एका झटक्यात बोल्ट सोडवायचा. की लावण्याआधी बोल्टच्या खोबणीतला चिखल टाचणीने उकरून काढा. की अर्धीच बसली तर खोबण गोल होते आणि मग ड्रिलशिवाय गत्यंतर राहत नाही. एकदा बोल्ट सैल झाला की परत हलकेच बसवून ठेवा, नाहीतर जमिनीवर ऑइलचं तळं.

तरीही रॉड फिरलाच तर इम्पॅक्ट गन वापरा, बहुतेक वेळा चालते. ती नसेल तर झाडूच्या लाकडी दांड्याचं टोक निमुळतं तासून पाइपमधून खाली घाला, रॉडच्या डोक्यात ठोकून अडकवा आणि वरून कुणाला तरी घट्ट धरायला सांगा.

वरची कॅपही शॉकअप गाडीवर असतानाच ढिली करायची, पण आधी वरच्या टीचा पिंच बोल्ट सोडून. तो कसलेला असताना टी पाइपला आवळून धरते, त्यामुळे कॅपचे आटे पकडलेले असतात आणि जोर लावला की खराब होतात. कॅप नुसती एक फेरा सैल करा. पूर्ण काढायची ती शॉकअप हातात आल्यावर, तोंड बाजूला ठेवून, तळहाताने दाबून. खाली स्प्रिंग दाबलेली असते. मी एकदा शेवटच्या आट्यावर हात सैल सोडला होता, कॅप कपाळाजवळून गेली आणि वरचा पत्रा चेपला. त्या दिवसापासून मी कॅपवर जाड फडकं धरून, शरीराचं वजन टाकूनच ती काढतो. काही गाड्यांत कॅपला आटे नसतात, आत दाबून तारेची क्लिप काढावी लागते. तिथे तर दोघं लागतातच.

ऑइल ओतताना नाक बाजूला ठेवा, जुन्या ऑइलला कुजलेल्या मासळीसारखा वास येतो. पण रंग नीट बघा. काळपट करडा गाळ म्हणजे ॲल्युमिनियम आणि बुशचा भुगा, दुधाळ रंग म्हणजे पाणी शिरलंय. बोटांत चोळून सोनेरी-तांबूस कण दिसले तर बुश उघडायच्या आधीच तुम्हाला उत्तर मिळालं. भाग काढाल त्या क्रमाने कापडावर मांडत जा आणि फोटो काढा. रॉडवरची छोटी स्प्रिंग आणि तळाचा ॲल्युमिनियमचा शंकूसारखा तुकडा हमखास विसरले जातात.

सील काढताना त्याच्यावरची सर्क्लिप (सील जागेवर धरणारी तारेची कडी) आधी काढा. वेगळं बुश असलेल्या शॉकअपमध्ये पाइप बॉटममधून झटके देऊन ओढला की बुश आणि सील त्याच्यासोबत बाहेर येतात. बुश नसलेल्यात सील उचकटून काढावं लागतं. बॉटमच्या काठावर लाकडाचा तुकडा ठेवून त्यावर टेकू घ्या, काठ चेपला तर नवं सील बाहेरच्या अंगाने गळेल. बॉटम गरम पाण्याने तापवला की ॲल्युमिनियम प्रसरण पावतं आणि काम निम्म्यावर येतं.

नवं सील बसवताना पाइपच्या वरच्या टोकावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी ताणून बसवा, तिला ऑइल लावा आणि सील तिच्यावरून सरकवा. पाइपच्या टोकाची किंवा खोबणीची कड धारदार असते. सीलची कड तिथेच कापली गेली तर पहिल्याच दिवशी गळती. ठोकायला त्याच व्यासाची पीव्हीसी नळी घ्या, आणि तिच्याखाली जुनं सील उलटं ठेवा म्हणजे मार सगळीकडे सारखा बसेल. स्क्रूड्रायव्हरने एकेका बाजूने ठोकू नका. सर्क्लिपची खोबण पूर्ण गोल मोकळी दिसेपर्यंत सील खाली जायला हवं. तळाच्या बोल्टचा तांब्याचा वॉशर नवाच टाका आणि आट्यांना मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक लावा. तिथून होणारी गळती पाहून लोक सीललाच दोष देतात.

आता ऑइल. तुमच्या जाड ऑइलच्या कल्पनेला मी सुरुवातीलाच नाही म्हटलं, त्याचं कारण शॉकअप आत कसा चालतो त्यात आहे. शॉकअप किती खाली जाणार हे मुख्यतः स्प्रिंग ठरवते. किती वेगाने जाणार आणि किती वेगाने परत येणार हे ऑइल ठरवतं. डॅम्पर रॉडला तळाशी मोठी भोकं असतात, दाबताना ऑइल त्यातून जातं. वरच्या बाजूला बारीक भोकं असतात, उघडताना ऑइल त्यातून जातं. अशा भोकांचा अडथळा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, वेग दुप्पट झाला की अडथळा चौपटीच्या आसपास. म्हणून सावकाश ब्रेक मारताना ऑइल जवळपास काहीच धरत नाही आणि खड्ड्याच्या तीव्र धक्क्याला दगडासारखं होतं. जाड ऑइल टाकलंत तर ब्रेकखाली पुढचा भाग थोडा सावकाश बसेल, पण बसेल तेवढाच. खड्डे मात्र सरळ मनगटात येतील. शिवाय उघडणंही मंदावेल. ओळीने खड्डे आले की शॉकअप पूर्ण उघडायच्या आत पुढचा खड्डा येतो, आणि तो दर खड्ड्यागणिक आणखी खाली अडकत जातो.

मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडपासून सुरू करा, जुन्या गाड्यांत ते बहुधा १०डब्ल्यू असतं. हा डब्ल्यूचा आकडा कंपनीगणिक वेगळा निघतो. एकीचं १० दुसरीच्या १५ च्या जवळ असू शकतं. डब्यावर ४० अंश सेल्सिअसला सेंटिस्टोक्सचा (ऑइलच्या जाडपणाच्या मापाचा) आकडा दिलेला असेल तर तुलना त्यावरून करा. आणि दोन्ही बाजूंना एकाच डब्यातलं टाका.

प्रमाणाबाबत तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट खटकली. तुम्ही दोन्ही वेळा पूर्ण कोरड्या शॉकअपसाठी दिलेलं माप ओतलंय, पण तेव्हा डॅम्पर रॉड बाहेर काढलेला नव्हता. नुसतं उलटं करून ओतलं तर बरंच जुनं ऑइल आत चिकटून राहतं, म्हणूनच मॅन्युअलमध्ये नुसत्या ऑइल बदलासाठी वेगळं, कमी माप असतं. तुमच्या शॉकअपमध्ये ऑइल जास्त झालं असण्याची दाट शक्यता आहे. जास्त ऑइल म्हणजे वर हवेला जागा कमी, आणि शॉकअप पूर्ण दबताना तीच हवा चेपून सीलवर दाब टाकते. आतला व्यास ३० मिमी धरला तर ७ मिली ऑइलाने पातळी १० मिमी वर चढते. म्हणजे २० मिली जास्त ऑइल ही किरकोळ गोष्ट नाही.

म्हणून मी मापाच्या भांड्यावर विसंबत नाही, पातळी मोजतो. स्प्रिंग बाहेर, शॉकअप उभा आणि पूर्ण दाबलेला. ऑइल ओतून पाइप सावकाश आठ-दहा वेळा वरखाली करा, हवेचे बुडबुडे येणं थांबेपर्यंत. दहा मिनिटं थांबा. मग पाइपच्या वरच्या काठापासून ऑइलपर्यंतचं अंतर मोजा. जास्तीचं काढायला मोठी सिरिंज आणि तिला बसवलेली नळी पुरते. नळी दिलेल्या अंतराएवढी आत सोडायची आणि हवा येईपर्यंत ओढायचं. दोन्ही पायांत पातळी मिलिमीटरपर्यंत सारखी ठेवा.

राहिला ब्रेकखाली बसण्याचा भाग. स्प्रिंग बाहेर आलीच आहे तर तिची मोकळी लांबी मोजा आणि मॅन्युअलमधल्या किमान लांबीशी ताडून बघा. दोन्ही स्प्रिंगा एकमेकींशीही ताडा. आखूड झालेली निघाली तर दोन्ही बदला. वर जाड वॉशर किंवा लांब नळी टाकून स्प्रिंग ‘कडक’ करायचा सल्ला तुम्हाला मिळेल. त्याने पुढचा भाग उंच उभा राहतो एवढंच, स्प्रिंग कडक होत नाही. लांबी थोडीशीच कमी असेल आणि नवी मिळत नसेल तर तेवढ्या फरकाची नळी टाकणं ठीक आहे, त्याहून जास्त नको.

सगळं जोडताना क्रम लक्षात असू द्या: आधी खालची टी, मग वरची, मग एक्सल, मग हँडल दाबणं, मग एक्सलचा पिंच बोल्ट आणि शेवटी मडगार्ड. वरच्या टीचा बोल्ट कसण्याआधी कॅप कसून घ्या. बोल्ट कसण्याचे आकडे मॅन्युअलमधलेच वापरा. ॲल्युमिनियमचे आटे अंदाजाने कसले की जातात. गाडी खाली उतरवली की ब्रेकचा लिव्हर कडक होईपर्यंत दाबा, कॅलिपर काढलेला होता हे विसरून लोक थेट रस्त्यावर जातात.

तुम्ही म्हणता तसं काम तुम्ही स्वतः करणार असाल तर पहिल्यांदा एक पूर्ण दिवस हाताशी ठेवा आणि एका वेळी एकच शॉकअप उघडा, म्हणजे शंका आली तर दुसरा बघायला तसाच असेल. पाइप वाकडा निघाला, बॉटमला चीर दिसली किंवा तळाचा बोल्ट हाताबाहेर गेला तर तिथेच थांबा आणि सुटा शॉकअप घेऊन जाणत्या माणसाकडे जा.

जोडून झाल्यावर पाइपवर डस्ट सीलला टेकून एक बारीक केबल टाय बांधा. नेहमीच्या रस्त्यावर शंभरेक किलोमीटर चालवा, दोन-तीन वेळा मोकळ्या जागी जोरात ब्रेक मारा, आणि टाय किती वर सरकलाय ते मोजा. शिवाय तुम्ही गाडीवर बसल्यावर पुढचा भाग किती दबतो तेही मोजा. शॉकअप एकूण जेवढा दबू शकतो त्याच्या पाव ते एक तृतीयांशाच्या आत तो असायला हवा. हे दोन आकडे, पाइपचा व्यास आणि उघडल्यावर बुशचा एक फोटो कळवलात तर स्प्रिंग बदलायची गरज आहे की नाही हे मला नेमकं सांगता येईल.